नवं गॅजेट घेतलंय, आता लोकांना काय सांगू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी वस्तू घेतली म्हणून सगळ्यांना सांगत सुटणं म्हणजे मिरवणंच ना?

थोडं मिरवणं असतंच, आणि असू द्या. महिनोन्‌महिने विचार करून घेतलेला लॅपटॉप दाखवताना आनंद होणारच. पण नुसता फोटो आणि 'शेवटी घेतलाच!' एवढंच सांगितलं की समोरचा 'अभिनंदन' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. कशासाठी घेतला, आधी काय होतं, दुसरं काय काय बघितलं आणि ते का सोडलं, इतकं सांगितलंत तर तुमची हौस दुसऱ्याच्या कामी येते. वस्तू चांगली की वाईट हा निकाल द्यायला परीक्षक पुष्कळ आहेत. तुमच्याकडे आहे ती फक्त तुमच्या वापराची माहिती, आणि ती दुसऱ्या कुणाकडेच नाही.

मग नेमकं काय सांगावं?

सर्वांत आधी, या वस्तूच्या आधी काय वापरत होतात ते. पाच वर्षं जुना फोन ठेवून नवा घेणाऱ्याला कुठलाही नवा फोन सुसाटच वाटणार. गेल्या वर्षीचं मॉडेल वापरणाऱ्याला तोच फोन 'काही खास फरक नाही' असा वाटेल. दोघेही खरंच बोलतायत. ऐकणाऱ्याला मात्र आधीचा फोन कळल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

त्यानंतर रोजचा वापर. 'हेडफोन मस्त आहेत' यातून काही हाती लागत नाही. 'रोज दोन तास ट्रेनमध्ये घालतो, चष्मा आहे, तासाभराने चष्म्याची काडी कानामागे रुतायला लागते' हे एक वाक्य चष्मेवाल्या प्रत्येकाला पुरतं. कीबोर्डबद्दल सांगताना कळांखालचे स्विच लिनिअर (सरळ दबणारे) आहेत, टॅक्टाइल (दबताना बोटाला हलका अडथळा जाणवणारे) की क्लिकी (टक्‌ असा आवाज करणारे), आणि शेजारी बसणाऱ्याला आवाजाचा त्रास होतो का, ते सांगा. मॉनिटर असेल तर दिवसभर अक्षरं वाचता की रात्री गेम खेळता, ते सांगा. एकाच मॉनिटरबद्दल या दोघांची मतं उलट असू शकतात.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. शेवटच्या दोन-तीन पर्यायांत काय होतं आणि ते का गळालं? विकत घेण्याआधी तुम्ही जो अभ्यास केलात त्यातला सगळ्यात किमती भाग तोच, आणि तो महिन्याभरात डोक्यातून जातो. ताजा आहे तोवर लिहून ठेवा.

आणि काय खटकलं ते. काहीच खटकलं नाही असं सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मॉडेलचं पूर्ण नाव सांगायचा एवढा आग्रह का? 'अमुक कंपनीचा नवा फोन' म्हटलं तर कळतं की.

कळत नाही. एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. सॅमसंगने गॅलॅक्सी एस मालिकेचे फोन बरीच वर्षं काही देशांत एक्सिनॉस आणि काही देशांत स्नॅपड्रॅगन चिप घालून विकले. डब्यावर नाव एकच, आत मेंदू वेगळा. बॅटरी आणि गरम होण्याबद्दलची मतंही त्यामुळे जुळत नसत.

दुसरं उदाहरण लॅपटॉपचं. २०२२ साली आलेल्या ॲपलच्या एम२ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीच्या मॉडेलला स्टोरेजची एकच मेमरी चिप होती, ५१२ जीबीला एकाहून अधिक. परिणामी स्वस्त मॉडेलचा एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारा भाग, ठळकपणे मंद होता, आधीच्या एम१ मॉडेलपेक्षाही. 'एम२ एअर घेतला, फाइल कॉपी करायला वेळ लागतो' आणि 'एम२ एअर घेतला, काही अडचण नाही' ही दोन्ही वाक्यं म्हणून खरी असू शकतात.

तेव्हा मॉडेल क्रमांक, रॅम, स्टोरेज आणि कुठल्या वर्षीचं मॉडेल, एवढं लिहाच. टीव्ही आणि मॉनिटरच्या बाबतीत तर स्क्रीनचा आकारही सांगा, कारण एकाच मालिकेत ५५ इंचाला एक पॅनेल आणि ६५ इंचाला दुसरं असं सर्रास असतं.

घेतल्यावर किती दिवसांनी मत द्यावं?

नव्याचे नऊ दिवस ही म्हण गॅजेटला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. पहिल्या दिवशीचं कौतुक कौतुक म्हणूनच सांगा, मत म्हणून नको.

याला तांत्रिक कारणही आहे. नवा फोन पहिले काही दिवस आतल्या आत राबत असतो. जुना डेटा उतरवून घेणं, फोटोंमधले चेहरे ओळखणं, शोधासाठी याद्या करणं, अ‍ॅप अपडेट करणं हे सगळं पाठीमागे चालू असतं, म्हणून तो गरम होतो आणि बॅटरी लवकर उतरते. या काळात 'बॅटरी बेकार आहे' असा शिक्का मारणं अन्यायाचं आहे. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या.

वस्तूनुसार मुदत बदलते. कीबोर्ड-माऊसची सवय व्हायला काही आठवडे लागतात. हेडफोनची गादी घामाने कधी सोलपटते ते एक उन्हाळा गेल्यावर कळतं. ओलेड पडद्यावर एकाच जागी राहणाऱ्या चित्राचा डाग पडतो का, हे सांगायला वर्ष-दोन वर्षं हवीत.

आणि जुन्या खरेदीबद्दलही बोला, कृपा करून. २०१७ च्या डिसेंबरात एका आयफोन ६एस वापरणाऱ्याने सांगितलं की बॅटरी बदलल्यावर त्याचा फोन एकदम वेगवान झाला. त्याने बदलाआधीचे आणि नंतरचे गीकबेंच या वेग मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. मग गीकबेंच बनवणाऱ्यांनी आपल्याकडचे हजारो फोनचे आकडे तपासून आलेख काढला. त्या महिन्यातच ॲपलला मान्य करावं लागलं की बॅटरी थकलेल्या फोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा खर्च बराच उतरवला. सुरुवात कुठून झाली? एका माणसाने दोन वर्षं जुन्या फोनबद्दल आकड्यांसकट सांगितलं तिथून.

डबा उघडल्यावर पहिल्याच दिवशी काय तपासायचं?

परत करायची मुदत सरायच्या आत तपासायचं, एवढं लक्षात ठेवा. डबा फोडताना सलग, न थांबवता व्हिडिओ काढा, सुरुवात बंद सीलपासून आणि पत्त्याच्या लेबलपासून. आत वस्तूच नसली, दुसरीच निघाली किंवा फुटकी निघाली तर हाच पुरावा. हा व्हिडिओ स्वतःजवळ ठेवायचा, जगाला दाखवायचा नाही. का, ते पुढे येतं.

पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग आणून मेलेले पिक्सेल बघा. दोन्ही स्पीकर, सगळे माइक, प्रत्येक पोर्ट, प्रत्येक कॅमेरा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करून आलेला पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्याशी जुळतो का ते पाहा.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर आणखी एक काम. बाजारात अशी नकली कार्डं असतात जी संगणकाला स्वतःची क्षमता खोटीच सांगतात. खरी जागा संपली की जुन्यावरच नवं लिहीत जातात, आणि फाइल उघडायला जाल तेव्हा समजतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं पूर्ण कार्ड भरून वाचून बघतात. वेळ खातात, पण फोटो गमावण्यापेक्षा बरं.

बॅटरीबद्दल सगळे 'दिवसभर चालते' म्हणतात. याचा अर्थ काय घ्यायचा?

काहीच नाही. कुणाचा दिवस दहा फोन आणि चार मेसेजचा, कुणाचा सतत नकाशा लावून गाडी चालवण्याचा. सांगायचंच तर पडदा एकूण किती तास चालू होता, ब्राइटनेस साधारण किती, वाय-फायवर होता की मोबाइल डेटावर, आणि झोपताना किती टक्के उरली होती ते सांगा. जिथे रेंज कमी असते तिथे फोन टॉवरशी जोडलेला राहण्यासाठी जास्त वीज खातो, हेही नोंदवण्यासारखं.

पॉवर बँकेबाबत एक तक्रार सारखी येते: 'दहा हजार एमएएचची घेतली, पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, फसवलं!' बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता सांगायचं माप, आणि दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर पडताना तेच ५ व्होल्ट होतात, तेव्हा हिशेबाने ७,४०० एमएएच उरतात. या रूपांतरात काही उष्णता होऊन जातात, आणि हातात साधारण सहा-साडेसहा हजार येतात. चांगल्या कंपन्या हा दुसरा आकडाही बारीक अक्षरात छापतात. तुलना करायची तर वॉट-तासांची करा. विमानात सोबत नेण्यासाठी विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-तासांची असते, तिथेही हाच आकडा विचारतात.

चार्जर मोठ्या वॅटचा घेतला, तरी फोन हळू का चार्ज होतो?

संशय आधी केबलवर घ्या. टाइप-सीची दोन्ही टोकं सारखी दिसतात म्हणून सगळ्या केबल सारख्या नसतात. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त हवी तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी छोटी चिप लागते. ती नसेल तर चार्जर आणि लॅपटॉप आपापसात कमी वॅटवर तडजोड करतात आणि तुम्हाला कुणी काही सांगत नाही.

डेटाचंही तसंच. अनेक चार्जिंग केबल यूएसबी २.० च्या, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. आयफोन १५ प्रो सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत डेटा देऊ शकतो, पण डब्यात येणारी केबल यूएसबी २.० चीच आहे. ती लावून मोठे व्हिडिओ उतरवत बसणाऱ्याला फोनच मंद वाटतो. म्हणून वेगाबद्दल बोलताना केबल आणि चार्जर कुठला ते सांगायला हवं.

आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावणं हा दोष नाही. लिथियम-आयन सेल भरत आला की करंट कमी करावाच लागतो. म्हणून 'अर्ध्या तासात अमुक टक्के' ही जाहिरात नेहमी रिकाम्या बॅटरीपासून मोजलेली असते.

एक टीबीचा ड्राइव्ह घेतला, संगणक ९३१ च जीबी दाखवतो. परत करू?

नको. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच आहे. ५१२ चे ४७६ दिसतात तेही याचमुळे.

डब्यावर आयपी६८ लिहिलंय. पोहायला नेऊ?

आयपी हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात तीस मिनिटं. आयपी६८ ला खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, फक्त ती ६७ पेक्षा कडक असावी लागते. म्हणून दोन आयपी६८ फोन एकमेकांच्या बरोबरीचे असतीलच असं नाही. चाचणी प्रयोगशाळेत, नव्या वस्तूवर, गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, तरणतलावातलं क्लोरीन, गरम शॉवर आणि साबण त्यात येत नाहीत. आतली रबरी सीलं वर्षागणिक सैल होतात, एकदा फोन आपटला तर लगेचही. वरून बहुतेक कंपन्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. 'पाण्यात बुडवून पाहिला, काही झालं नाही' असे व्हिडिओ बघून कुणी नव्या फोनची परीक्षा घेऊ नये.

फोटो टाकताना काय काय झाकायचं?

लोक बिलावरचा पत्ता झाकतात आणि डब्यावरचा बारकोड तसाच ठेवतात. बारकोडमध्ये बहुधा सीरियल नंबर किंवा आयएमईआयच असतो. आकडे खोडले तरी रेघा वाचता येतात. सीरियल नंबर दुसऱ्याच्या हाती लागला की तो तुमच्या वस्तूच्या नावावर वॉरंटीचा खोटा दावा करू शकतो, किंवा चोरीची वस्तू खपवताना तुमचा क्रमांक दाखवू शकतो. ऑर्डर क्रमांक आणि फोन नंबर एकत्र दिसले तर 'तुमच्या ऑर्डरबद्दल बोलतोय' असा फोन यायला वेळ लागत नाही.

झाकताना धूसर किंवा चौकटी-चौकटींचं करू नका, पूर्ण काळा ठोकळा ठेवा. आकड्यांसारखा साधा मजकूर धूसर केलेला असला तरी अंदाजाने परत मिळवता येतो. फोटो कापून टाकणंही नेहमी पुरत नाही. २०२३ साली उघडकीस आलं की गुगल पिक्सेल फोनमधल्या चित्र-संपादकाने कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कापलेला भाग फाइलच्या शेपटीत शिल्लक राहत होता आणि काही अंशी परत काढता येत होता. दोष पुढे दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्या चित्रांचं काय करणार? खात्रीचा उपाय म्हणजे फोटो काढण्याआधीच त्या जागेवर कागद ठेवणं.

फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहितीही असते. तारीख, कॅमेरा, आणि परवानगी दिली असेल तर काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर ही माहिती सहसा काढून टाकली जाते, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. महागडी वस्तू आणि ती कुठल्या घरात आहे हे दोन्ही एकाच फाइलमध्ये पाठवण्यात शहाणपण नाही. काळ्या चकचकीत पडद्यात उमटलेलं खोलीचं प्रतिबिंबही एकदा बघून घ्या. कधी कधी ते वस्तूपेक्षा जास्त बोलतं.

किंमत सांगावी की नाही?

तुमची मर्जी. सांगितलीत तर तारीख, सवलत, जुनी वस्तू बदल्यात दिली का, हेही सांगा. नाहीतर तो आकडा निरुपयोगी ठरतो. आणि सांगायची नसेल तर कुणी खोदून विचारू नये.

मित्राने घेतलेली वस्तू मला साफ चुकीची वाटते. सांगू का?

परत करायची मुदत शिल्लक असेल तर सांगा, एकदा आणि कारणासह. मुदत संपली असेल तर गप्प बसा. 'अरे, थोडं थांबला असतास तर नवं मॉडेल आलं असतं' या वाक्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. नवं मॉडेल नेहमीच येणार असतं. अपवाद फक्त सुरक्षेचा: चार्जर बनावट वाटला, बॅटरी फुगलेली दिसली तर मुदतीचा विचार न करता बोला.

आपण घेतलेल्या वस्तूवर कुणी टीका केली की राग का येतो?

१९५६ साली जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग त्यातल्या दोन उपकरणांपैकी एक भेट म्हणून निवडायला दिलं. निवडीनंतर पुन्हा गुण मागितले तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि सोडलेल्या वस्तूचे घटले. वस्तू त्याच होत्या, बदललं होतं फक्त एक आपली झाली एवढंच. फोनच्या दोन तटांमधली न संपणारी भांडणं बघताना मला हा प्रयोग हटकून आठवतो. यावर एकच उपाय मला कामाचा वाटतो, तो म्हणजे घेण्याआधीच स्वतःच्या शंका लिहून ठेवणं. सहा महिन्यांनी त्या यादीवरून उत्तरं द्या, म्हणजे मन आपल्या सोयीचं आठवणार नाही.

बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, स्क्रीनशॉट टाकावेत का?

टाका, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. बेंचमार्क अ‍ॅप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवणारे फोन २०१३ सालीच पकडले गेले होते. शिवाय पहिल्या धावेचा आकडा थंड फोनचा असतो. लागोपाठ पाच-सहा वेळा चाचणी लावा आणि शेवटचा आकडा सांगा. गेम खेळणाऱ्याला तोच हवा असतो.

वस्तूत दोष निघाला तर जाहीर बोलावं का?

बोलावं, मोजूनमापून. काय केलं की दोष दिसतो, प्रत्येक वेळी दिसतो की अधूनमधून, सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, बदलून मिळालेल्या वस्तूतही तेच आहे का. २०१० च्या आयफोन ४ मध्ये डावा खालचा कोपरा हाताने झाकला की सिग्नल पडतो, हे घेणाऱ्यांनी इतकं नेमकं सांगितलं की कुणालाही स्वतः करून बघता आलं. महिन्याभरात कंपनीने फुकट कव्हर वाटायला सुरुवात केली. 'नेटवर्क टुकार आहे' अशा हजार तक्रारींनी ते झालं नसतं.

एकाच्या वस्तूत निघालेला दोष सगळ्यांत असेलच असं नाही, पण आगीचा प्रश्न असेल तर थांबूही नका. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, पेट घेतल्याच्या घटनांमुळे सप्टेंबरात परत मागवला गेला. बदलून दिलेल्या फोननीही पेट घेतला, तेव्हा ऑक्टोबरात तो कायमचा बंद झाला. फुगलेली किंवा गरम होणारी बॅटरी दिसली तर वापर थांबवा, टोचून बघू नका, आधी कंपनीला कळवा.

वस्तू फुकट मिळाली असेल तर सांगायलाच हवं का?

हो, पहिल्या वाक्यात. खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळत असेल तरीही.

'कोणता घेऊ?' असं विचारायचं असेल तर?

बजेट, सध्या काय वापरता, त्यात काय अडतंय, आणि कुठल्या एका गोष्टीवर तडजोड चालेल ते सांगा. 'सगळ्यात बेस्ट सांगा' म्हणणाऱ्याला प्रत्येकजण आपल्याच खिशातला फोन सांगतो. आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते जरूर विचारा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय, पण त्याच कंपन्यांच्या सगळ्या फोनना ते लागू आहे असं धरून चालू नका.

नवं आलं, आता जुनं कुणाला तरी द्यायचंय. काय बघू?

बॅकअप घ्या, तो नव्या फोनवर उघडून तपासा, मगच जुना पुसा. बँकेची आणि दुहेरी पडताळणीची अ‍ॅप आधी नव्या फोनवर चालू करून घ्या, ती नुसत्या बॅकअपमधून येतीलच असं नाही. पुसण्याआधी जुन्या फोनमधून आपलं खातं बाहेर काढा. आयफोनमध्ये २०१३ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्ये ५.१ आवृत्तीपासून तसंच कुलूप आहे. खातं तसंच ठेवून सेटिंगच्या मेनूतून न जाता दुसऱ्या मार्गाने फोन पुसला तर घेणाऱ्याच्या हातात नुसती काच राहते आणि पासवर्डसाठी त्याचा फोन तुम्हालाच येतो. देताना डबा, बिल आणि बॅटरीची सध्याची क्षमता किती टक्के ते सांगा. सेटिंगमध्ये दिसत असेल तर समोरच्याला स्वतः बघू द्या.